परत घेतलेला शब्द

पाळकसाहेब,

आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. मागच्या भेटीत दुधनीच्या त्या ओसरीवर मी तावातावानं बोलत होते आणि तुम्ही तुरीच्या शेंगा सोलत म्हणालात, "बाई, चहा गार होतोय. उरलेलं पुढच्या वेळी." परवा तुम्हाला माती दिली. मूठ मोकळी करताना माझ्या मनात प्रार्थना यायला हवी होती. आलं काय, तर आता उत्तर कोण देणार?

नव्या पाळकांनी तुमच्याविषयी चांगलं सांगितलं. कुठे शिकलात, कुठे कुठे सेवा केलीत, सगळं. तरुण आहेत, माहिती काढून आले होते. पण दीड वर्षापूर्वीच्या त्या रविवारापाशी आले आणि रिक्षावाला खड्डा चुकवतो तसे अलगद बाजूनं पुढे गेले. दफनभूमीत कोण हरकत घेतं? पण मला ते लागलं. तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तुम्ही त्या रविवारी केलंत, आणि नेमकं तेच तुमच्या शवपेटीपाशी कुणाला उच्चारता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही सिल्वासाला आलात तेव्हा आपली मंडळी म्हणजे टोकरखाड्यातल्या माझ्या सरकारी क्वार्टरची बाहेरची खोली होती. शनिवारी संध्याकाळी दिवाण उभा करून भिंतीला टेकवायचा आणि सतरंज्या घालायच्या. नगरकडून बदलून आलेले आम्ही शिक्षक, ऑफिसांतली दोन-चार कुटुंबं आणि धुळे-नंदुरबारकडची कारखान्यातली माणसं, रात्रपाळी करून तशीच आलेली. उपदेश चालू असताना त्यांना डुलकी लागायची. तुम्ही आवाज खाली आणायचात. मी एकदा म्हटलं, "पाळकसाहेब, झोपलेल्यांना उठवायचं सोडून तुम्ही हळू बोलता!" तर म्हणालात, "बारा तास मशीनसमोर उभा राहिलेला माणूस देवाच्या घरात झोपला, तर झोपू दे की."

गाण्याच्या बाबतीत मात्र तुम्ही कुणाला झोपू दिलं नाहीत. इतका बेसूर पाळक मी दुसरा पाहिला नाही. शेजारच्या शांताबेन एकदा दारात येऊन हात जोडून म्हणाल्या, "भगवान तो सांभळे छे, पादरीजी. आटला जोरथी केम?" देवाला ऐकू येतं, मग एवढ्या मोठ्यानं कशाला, हे ऐकून आम्ही शरमलो. तुम्ही मोठ्यानं हसलात आणि त्यांना नाताळच्या करंज्यांचा पहिला डबा कायमचा कबूल करून टाकलात. करंज्या करायच्या मी!

बाप्तिस्म्याच्या वर्गाला तुम्ही वहीपेन आणायला सांगायचा नाहीत. आपले दिनकरराव, एवढे प्रशासनातले अधिकारी, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या वर्गाला आले. तुम्ही त्यांना स्कूटरवर मागे बसवून गलोंड्याच्या चाळीत नेलंत. तिथल्या एका बाळंतिणीच्या घरी गॅस संपला होता. दिनकरराव सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढले. वर पोचल्यावर धापा टाकत त्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, वर्ग कधी सुरू होणार?" तुम्ही म्हणालात, "चालूच आहे." ही गोष्ट दिनकरराव पुढे कितीतरी वर्षं स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. शिष्य होणं म्हणजे काय ते मला त्या जिन्यावर कळलं, असं म्हणत.

मग आपण वाढलो. वाढणं वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणते. क्वार्टरमध्ये माणसं मावेनात तेव्हा गलोंड्याच्या रस्त्यावरची एक बंद पडलेली शेड भाड्यानं घेतली. पंखे लागले, मग साउंड सिस्टीम आली, मग तो भलामोठा पडदा. उपासना मोबाईलवर लाईव्ह दिसायला लागली. वापी, दमण, पार नाशिकपासून माणसं तुमचा संदेश ऐकू लागली. तुम्हाला बोलावणी येऊ लागली. हळूहळू चाळींतल्या भेटी दुसऱ्यांवर सोपवल्या गेल्या, आणि तुमचा आवाज बदलला. माईक हातात आला, की "माझ्या प्रियांनो" म्हणून तुम्ही एक ठरावीक थांबा घ्यायला लागलात. मी ते तुम्हाला तोंडावर सांगितलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बाई, काय सांगू? मला माझाच आवाज आवडायला लागलाय. हीच पंचाईत आहे."

असं खरं बोलून टाकणाऱ्या माणसावर किती रागवायचं? मी रागावले नाही. तुम्हाला कळलंय ना, मग सावराल, असं मला वाटलं. कळणं आणि सावरणं यांच्यात किती अंतर असतं, ते आपल्या दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

रेश्मा माझ्या वर्गात होती. नववीत. वर्गात शेवटच्या बाकावर बसून वेणीचं टोक चावत बसायची आणि गणिताचा पेपर सगळ्यांत आधी देऊन जायची. तिची आई हिराबाई साक्रीकडची. नवरा वारल्यावर पोरीला घेऊन इकडे आली आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. रेश्माला कावीळ झाली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृतावर परिणाम दिसतोय, वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. त्याच आठवड्यात आपल्याकडे रोगमुक्तीची संध्याकाळची सभा होती. बाहेरून वक्ते आले होते. शेड भरून माणसं मागच्या मैदानात उभी होती. गाणी चढत गेली. वक्ते थकून बसले आणि माईक तुमच्या हातात आला. हिराबाई रेश्माला धरून पुढे आली. पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात, खूप वेळ डोळे मिटून उभे राहिलात, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "प्रभू मला सांगतोय, ही मुलगी बरी झाली आहे."

केवढा जल्लोष झाला! मीही टाळ्या वाजवल्या. माझी विद्यार्थिनी होती ती.

वलसाडला जाऊ नका, असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. पुढे मंडळीच्या कमिटीत दिनकररावांनी तुमच्या बाजूनं हेच तर मांडलं. पण बरी झालेल्या पोरीला वलसाडला कोण नेतं? हिराबाईनं वाट पाहिली. डोळे अजून पिवळे का, असं शेजारणीनं विचारलं तर तिला सांगितलं, "उतरेल. पाळकसाहेब बोललेत." ती पोरीला घेऊन निघाली तेव्हा पोर कुणाला ओळखत नव्हती. दवाखान्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गेली.

तिला माती देताना तुमचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. प्रार्थना शेवटी दिनकररावांनी पुरी केली.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर तुम्ही आलात. व्हरांड्यातल्या बाकावर बसलात. समोर ग्राउंडवर मुलं कबड्डी खेळत होती. मी तुमच्याशी नीट बोलायच्या मनःस्थितीत नव्हते; तुम्हालाही ते दिसत होतं. तरी तुम्ही म्हणालात, "बाई, तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी थांबलो होतो, ऐकू येतंय का बघत होतो. काहीच आलं नाही. पण समोर एवढी माणसं वाट बघत होती. मला रिकाम्या हातानं माईक खाली ठेवता आला नाही."

मग तुम्ही म्हणालात,

"येत्या रविवारी हे मी मंडळीसमोर सांगणार आहे."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हटलं, हिराबाईकडे जा. तिचे पाय धरा. आयुष्यभर तिच्यासाठी करा. पण व्यासपीठावरून सांगू नका. नव्यानं विश्वासात आलेली माणसं आहेत, घरचे विरोध सोसून आलेली. ती अडखळतील.

तुम्ही म्हणालात, "अडखळू देत. निदान खऱ्या दगडाला अडखळतील."

"आणि हिराबाईला काय वाटेल? सगळ्यांसमोर तिच्या पोरीचं मरण पुन्हा काढणार?"

तेव्हा मात्र तुम्ही खाली बघितलंत. म्हणालात, "तिला आधी विचारून आलोय. ती म्हणाली, जिथं बोलले तिथंच सांगा. नाहीतर लोक म्हणतील, हिच्याच विश्वासात कमी होतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लोक तसं म्हणायला लागलेही होते. तरी मी हट्ट सोडला नाही आणि तुम्हीही नाही.

त्या रविवारी तुम्ही पडदा बंद करायला लावलात. लाईव्ह मात्र चालू ठेवलंत. "लाईव्ह ऐकणाऱ्यांनाही मी तेच सांगितलं होतं," म्हणालात. माईक न उचलता, जुन्या आवाजात तुम्ही सांगितलंत, की रेश्मा बरी झाली असं प्रभूनं सांगितलेलं नव्हतं, ते मी माझ्या मनचं बोललो. त्या मुलीच्या किंवा तिच्या आईच्या विश्वासात काही उणं नव्हतं. उणं माझ्यात होतं. आणि पुढे म्हणालात, त्या दिवसापासून मला प्रार्थना करता येत नाही. शब्दच येत नाहीत. तुम्ही माझ्यासाठी करा. मागची माणसं "काय म्हणाले? काय म्हणाले?" असं एकमेकांना विचारत होती. हिराबाई बायकांच्या रांगेत ताठ बसली होती. तिच्या शेजारच्या बाईनं तिचा हात धरला. शेडमध्ये त्या दिवशी घडलेलं प्रार्थनेसारखं काही असेल, तर ते तेवढंच.

दुपारपर्यंत ते लाईव्ह काढून टाकलं गेलं. संध्याकाळी कमिटी बसली. दिनकरराव वाईट माणूस नाहीत, पाळकसाहेब. ते म्हणाले, "आपण इथं थोडे आहोत. आपल्यावर डोळा ठेवून असलेले कमी नाहीत. उद्या कुणी तक्रार केली तर शेडला कुलूप लागेल. पाळकसाहेबांनी काही काळ विश्रांती घ्यावी." मी विरोध केला. व्यासपीठावरून बोलू नका असं सांगणारी मीच, आणि बोललात म्हणून तुम्हाला घालवू नये असं म्हणणारीही मीच. तिथल्या कुणाला ते समजलं नाही. सगळ्यांचं बोलून झालं आणि तुम्ही दिनकररावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "विश्रांती कशाला? मी राजीनामाच देतो. तुमचीही सुटका, माझीही."

नको होता द्यायला. माझं दुसरं भांडण ते होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

तुम्ही आणि पाळकीणबाई सिल्वासा सोडून दुधनीला राहायला गेलात. धरणाच्या पाण्याकडे तोंड केलेलं दोन खोल्यांचं घर, पुढे ओसरी. पाळकीणबाईंनी शिवणाचं मशीन टाकलं. तुम्ही आसपासच्या मुलांचा अभ्यास घेऊ लागलात. रविवारी ओसरीवर शेतकरी आणि मासेमारी करणारी तीन-चार कुटुंबं जमायची. तुम्ही शास्त्रपाठ वाचायचात आणि प्रार्थना त्यांच्यातलं कुणीतरी करायचं. मी सुट्टीत यायची. यायची आणि तेच सुरू करायची. परत चला. नवा पाळक चांगला आहे, पण पोरसवदा आहे. मंडळीत दोन तट पडलेत. ज्याला आपली चूक सांगता येते तोच पाळक व्हायला लायक, हे कळायला लोकांना वेळ लागला, आता कळतंय. तुम्ही शेंगा सोलत ऐकून घ्यायचात. एकदा म्हणालात, "बाई, तुम्हाला मी व्यासपीठावर पाहिजे. मला पाळक व्हायचं तर आधी एका माणसाच्या दारात नीट उभं राहता आलं पाहिजे."

तो माणूस म्हणजे हिराबाई. दर मंगळवारी तिची सुट्टी असायची आणि तुम्ही दुधनीहून बस, मग रिक्षा करून तिच्या खोलीवर जायचात. पहिल्यांदा गेलात तेव्हा ती काय म्हणाली ते तुम्हीच मला सांगितलं होतं. "साहेब, माफी-बिफी मले जमनार नै. मनी पोर गयी. पन तुम्ही येनं बंद मत करा. तुम्ही आले नै तं तिचं नाव कोन काढीन?" म्हणून तुम्ही जात राहिलात. चहा घ्यायचात. ती रेश्माचं काहीबाही सांगायची. कधी काहीच बोलायची नाही, तर तुम्हीही बसून राहायचात. मी विचारायची, "केलं का हो तिनं माफ?" तुम्ही म्हणायचात, "तो तिचा प्रश्न आहे. मी विचारत नाही."

मी दर वेळी हिराबाईचं विचारलं, मंडळीचं विचारलं, परत येण्याचं विचारलं. तुमचे डोळे खोल गेलेले मला दिसत होते. वय झालं, मी समजले. तुम्हाला झोप लागते का, एवढं साधं विचारायचं राहून गेलं.

शनिवारी पहाटे पाळकीणबाईंचा फोन आला. तुम्ही झोपेतच गेला होतात.

माती द्यायला मला वाटलं होतं त्याहून खूप माणसं आली. मंडळी सोडून गेलेलीसुद्धा आली. दिनकरराव फाटकापाशीच उभे होते, आत येत नव्हते. मी जवळ गेले तर म्हणाले, "बाई, मी एकदाही दुधनीला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. त्यांनी माझं नाव काढलं का हो कधी?" मी म्हटलं, "पुष्कळदा. ओसरीवर नवीन कुणी आलं, की तुमची सिलिंडरची गोष्ट सांगायचे." त्यांनी फाटकाचा गज धरला आणि लहान मुलासारखे रडले. मग आत आले.

सगळं उरकल्यावर हिराबाईनं मला बाजूला ओढलं. कारखान्याच्या कपड्यांतच आली होती. तिचा चेहरा मी रेश्माच्या वेळीही इतका घाबरलेला पाहिला नव्हता.

"बाई, एक बात सांगू? कोनाले बोलू नका."

"सांग."

"मंगळवारी आलते ना साहेब. डोळे लाल. मी इचारलं, झोपत नै का? तर म्हने, रेश्मा गेल्यापासून झोप नै हिराबाई. मले कसंच झालं. एवढे दिस मी इचारलंच नै कधी. मी म्हटलं, बसा. आज मी प्रार्थना करते. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला मी. म्हटलं, प्रभू, ह्या मानसाले झोप दे. बस, इतकंच. ते लई रडले, बाई." तिनं पदरानं तोंड दाबलं. "मी झोप मांगली होती. हे नव्हतं मांगलं. माह्यामुळे तं नै ना झालं?"

पाळकसाहेब, हा प्रश्न तुमचा होता. अख्ख्या सिल्वासात याचं उत्तर द्यायचा अधिकार कुणाला होता तर तो तुम्हाला, आणि तुम्ही नुकतेच मातीआड गेला होतात. माझ्या ओठांवर कितीतरी वाक्यं आली. प्रभूनं तुझं ऐकलं. प्रभूनं त्यांना विसावा दिला. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं, आजूबाजूच्या बायकांनी 'आमेन'ही म्हटलं असतं. पण ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच मी बोलले. सकाळीच पाळकीणबाईंनी मला सांगितलं होतं, ते.

"तुझ्यामुळे काही झालं नाही, हिराबाई. त्यांचं हृदय कमजोर होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. पण मंगळवारी तुझ्याकडून आल्यापासून ते झोपायला लागले होते. रोज. पाळकीणबाई म्हणतात, घोरत होते."

"खरं?"

"त्यांनाच विचार."

ती गेली. पाळकीणबाई खुर्चीवर कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या, सकाळपासून तशाच. हिराबाई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि काहीतरी म्हणाली. पाळकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, हातानं घोरण्याची खूण करून दाखवली आणि हसल्या. मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या दिवसातलं पहिलं रडू त्यांना फुटलं.

मी लांब उभी होते. तुम्ही व्हरांड्यातल्या बाकावर जे म्हणत होतात ते मला तेव्हा समजलं. व्यासपीठावरून ते तुम्ही सांगितलं नसतंत, तर हिराबाईचा हात कुणाच्या डोक्यावर कधी गेला असता? तुमचं बरोबर होतं, पाळकसाहेब. दुधनीच्या ओसरीवर मी एवढ्या वेळा आले, एवढं बोलले, आणि हे एक वाक्य तुमच्यासमोर म्हणायचं राहून गेलं.